पोच

नोकरीच्या ऑनलाइन अर्जातल्या त्या चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ असायची : एकापेक्षा जास्त पर्याय निवडायचे असतील तर कंट्रोलची कळ दाबून ठेवा. चौकट लहान, एका वेळी चारच नावं दिसतील एवढी, आणि आतली यादी शे-दोनशे नावांची. कुठे कुठे काम करायला तयार आहात, असा प्रश्न. मी एक गाव निवडायची, यादी खाली सरकवायची, कंट्रोल दाबून दुसरं निवडायची, पुन्हा सरकवायची, तिसरं. सातव्या नावाशी येईपर्यंत डावं बोट जरा सैलावलं की त्या एका क्लिकसरशी आधीची सहाही पुसली जात. आवाज नाही, सूचना नाही. डोळ्यांसमोर चारच ओळी, त्यामुळे वरची सहा जागेवर आहेत की गेली हे बघायला परत वर जायला हवं. आणि खाली आलेलं माणूस कशाला वर जातंय?

असं करून पंधरा दिवस मी यादीतल्या शेवटच्या एका गावाखेरीज कुठेही नोकरी शोधत नव्हते. हे मला सोळाव्या दिवशी कळलं. तोवर नशिबाला बोल लावून झाला होता.

१९९९ साल. यंत्रांबरोबर ज्या माहितीपुस्तिका येतात त्या लिहिणं हे माझं काम. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं कधीच दाबायचं नाही, हे लोकांना न घाबरवता सांगायचं. आमचा विभागच बंद झाला, आणि दुसऱ्यांना बटणं समजावणारी मी एका अर्जाच्या बटणांपुढे हात टेकून बसले. यातली गंमत मला आज दिसते. तेव्हा फक्त संताप यायचा, तोही स्वतःचाच. माहितीपुस्तिका लिहिताना मी हेच हजारदा पाहिलं होतं : यंत्र चुकलं तरी माणूस म्हणतो, मलाच जमत नाही.

माझ्या कामाला 'टेक्निकल रायटर' म्हणतात. नोकऱ्यांच्या साइटवर आधी सदर निवडावं लागे. 'संगणक'मध्ये गेलं की प्रोग्रॅमरच्या जागा, 'लेखन व प्रकाशन'मध्ये गेलं की जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्यांच्या. जाहिरात देणाऱ्यालाही हाच पेच पडत असणार, कारण माझ्यासाठीच्या जागा कधी इकडे सापडायच्या, कधी तिकडे, आणि पुष्कळदा 'इतर'मध्ये. 'इतर' हे मोठं प्रशस्त सदर होतं. जगातली निम्मी माणसं त्यात राहत असावीत असं मला तेव्हापासून वाटतं.

सदरांना कंटाळून मी शब्दांनी शोधायला लागले. तिथे 'सर्च एजंट' नावाची नवी सोय आली होती. एकदा शब्द देऊन ठेवायचा, मग रोज सकाळी जुळणाऱ्या जागा ईमेलने हजर. मी 'रायटर' दिला. पहिल्याच सकाळी एकतीस जागा आल्या. त्यातल्या अठ्ठावीस अंडररायटरच्या होत्या, म्हणजे विम्याची जोखीम तोलून हप्ता ठरवणाऱ्यांच्या. एजंटला शब्द कळत नव्हता, अक्षरं कळत होती. ती ओळीने सापडली की त्याचं काम झालं. मग 'टेक्निकल रायटर' असे दोन शब्द दिले. एका साइटवर दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा अर्थ 'आणि', दुसऱ्या साइटवर 'किंवा'. एकीकडे उत्तर शून्य, दुसरीकडे चार हजार. शून्य आलं तरी निदान संध्याकाळ मोकळी मिळायची.

अर्जाच्या तळाशी दोन बटणं असायची, शेजारी शेजारी, एकाच मापाची, एकाच करड्या रंगाची. एक अर्ज पाठवायचं, एक पुसायचं. रात्री साडेअकराला, पाच पानांचा अर्ज भरून झाल्यावर, माणूस कुठलं दाबेल याचा भरवसा देता येत नाही. ते पुसायचं बटण, रीसेट, तिथे होतं कारण एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या भाषेत, अर्जासाठी जी तयार बटणं होती त्यांतच तेही होतं. कुणी 'हे कशाला' असं विचारलंच नसणार. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० सालच्या एप्रिलात लिहिलं की वेबवरची जवळजवळ सगळी रीसेट बटणं काढून टाकली तर वेब जास्त सुखाचं होईल. मला ते वाचून रडू यायचं बाकी राहिलं होतं. कुणीतरी ते अधिकृतपणे म्हणालं होतं.

आणि वेळ संपणं. वेबचा मूळ स्वभाव विसराळू. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने द्यायचं, आणि दिल्याक्षणी मागणाऱ्याला विसरून जायचं. वाचण्यापुरतं हे ठीक, पण पाच पानांच्या अर्जाला कुणीतरी पहिलं पान लक्षात ठेवायला हवं. त्यासाठी नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकी काढली : सर्व्हरने ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, पुढच्या वेळी ती दाखवली की ओळख पटते. त्या चिठ्ठीची मुदत मात्र अर्ज बनवणारा ठरवी. वीस मिनिटं हालचाल नाही म्हणजे माणूस उठून गेला, असं त्यांनी धरलेलं. आता तिसऱ्या पानावर 'आपली बलस्थाने ३०० अक्षरांत लिहा' असं असेल, तर लिहिण्याचा धंदा असलेलं माणूस वीस मिनिटं विचार करणारच की! मी तीनशे अक्षरं घासूनपुसून, मोजून, 'पुढे' दाबायची आणि समोर यायचं पुन्हा लॉगिनचं पान. तीन पानं गेलेली. जो विचार न करता भरभर भरत गेला त्याचा अर्ज पोचायचा. नंतर मी सगळं आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवायला शिकले. ही युक्ती तेव्हा ज्याने त्याने आपापली एकट्याने शोधली असावी, कारण कुठल्याच अर्जावर ती लिहिलेली नव्हती.

बायोडेटाची कथा वेगळी. आज फाइल जोडा म्हटलं की जोडली. पण सुरुवातीच्या वेब-अर्जात फाइल घेण्याची सोयच नव्हती. अर्ज फक्त टाइप केलेला मजकूर घ्यायचा. फाइल कशी घ्यावी याचा मसुदा झेरॉक्समधल्या दोघांनी १९९५ च्या नोव्हेंबरात मांडला, आणि तो आल्यावरही कित्येक नोकरी-साइट मजकूरच मागत राहिल्या, कारण त्यांचं शोधयंत्र मजकुरातच शोधू शकत होतं. तेव्हा बायोडेटा कॉपी करायचा आणि एका मोठ्या पांढऱ्या चौकटीत चिकटवायचा. ठळक अक्षरं, रकाने, समास, सगळं झडून जायचं. मी ते गृहीत धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते मला एका साइटने 'तुमचा बायोडेटा कंपन्यांना असा दिसेल' हे पान दाखवलं तेव्हा दिसलं. साध्या मजकुराची आस्की नावाची जी चिन्हसूची, तिच्यात एकूण १२८ चिन्हं आणि वर्डमधला गोल ठिपका त्यांत नाही. जे ओळखता येत नाही त्याच्या जागी सर्व्हर प्रश्नचिन्ह टाकायचा. म्हणजे असं :

? सहा वर्षांचा अनुभव
? चाळीस पुस्तिका मुदतीत पूर्ण
? संघाचे नेतृत्व केले

जणू कुणीतरी पलीकडे भुवई उंचावून वाचत होतं. हा बायोडेटा तोवर किती ठिकाणी गेला होता याचा हिशेब मी केला नाही.

घरी फोनची लाइन एकच. मोडेमने ती धरली की फोन लागत नसे. मी रात्री दोन-दोन तास जागा शोधायची, प्रत्येक अर्जात तोच फोन नंबर लिहायची, आणि दिवसाही शोधायला बसले की कुणी फोन केलाच तर त्याला लाइन व्यस्त मिळायची. हे बाबांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. "अगं, बोलावणं यायचं तरी कसं? तू तर दारातच बसून राहिलीयेस."

बाबांनी त्यांची नोकरी हाताने अर्ज लिहून मिळवली होती. त्यांच्याकडे एक जाड फाइल होती. तिच्यात त्यांनी आयुष्यभर केलेल्या प्रत्येक अर्जाची, तक्रारीची, विनंतीची पोच लावलेली. प्रत्येकीवर शिक्का, शिक्क्यात तारीख. ज्या अर्जांचं पुढे काहीच झालं नाही त्यांच्याही पोचा जपलेल्या. मी अर्ज पाठवला की ते विचारायचे, पोच आली का?

"बाबा, कॉम्प्युटरवर पोच नसते. स्क्रीनवर धन्यवाद येतं."

"कोण म्हणालं धन्यवाद?"

"कुणी नाही. आपोआप येतं ते."

"मग ती पोच नव्हे."

दोन महिन्यांत मी शंभरावर अर्ज केले. माणसाने लिहिलेली उत्तरं आली तीन. बाबांना हा हिशेब सांगितला, तर त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, "त्यांना पोच नाही." कुठल्या अर्थाने म्हणाले ते मी विचारलं नाही.

इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की मी त्या साइटवर रोज जात होते, आणि नाइलाजाने नव्हे. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीचे पैसे ओळीवर किंवा शब्दावर मोजत. त्यामुळे तिथे नोकरी म्हणजे दीड ओळ, अर्धी संक्षेपांची. पगार काय, काम काय, वरिष्ठ कोण, कशाचा पत्ता नाही. वेबवर ओळी किंवा शब्द मोजून पैसे पडत नव्हते. पहिल्यांदाच जाहिराती बोलायला लागल्या, पानपानभर. शिवाय मध्यरात्री वाचता येतात, दूरच्या गावातल्या वाचता येतात. त्याआधीही संगणकावर नोकऱ्या होत्याच : यूजनेट या वेबआधीच्या चर्चा-जाळ्यावर मिस्क डॉट जॉब्ज नावाचे चर्चागट होते, डाइस १९९० मध्ये बुलेटिन बोर्ड, म्हणजे मोडेमने जोडून वाचायचा सूचनाफलक, म्हणून सुरू झालं होतं, आणि बिल वॉरन यांचं ऑनलाइन करिअर सेंटर वेबचा बोलबाला व्हायच्या आधीचं. पण ते ज्यांना मोडेमची भाषा येते त्यांचं जग. १९९४ मध्ये जेफ टेलर यांनी मॉन्स्टर बोर्ड काढलं. ते जाहिरात-व्यवसायातले, ही कल्पना स्वप्नात सुचली आणि पहाटेच उठून कागदावर उतरवली, असं ते सांगत आले. पुढे क्रेगलिस्ट, हॉटजॉब्ज, आणि १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम. १९९९ च्या जानेवारीत मॉन्स्टरने अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यात एक जाहिरात दाखवली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर लहान मुलं गंभीर चेहऱ्याने सांगतात की मोठेपणी आम्हाला दिवसभर फायलिंग करायचंय, कसंबसं मधल्या फळीपर्यंत चढायचंय. मी ती बऱ्याच उशिरा पाहिली. हसले, आणि मग त्या मुलांना पुढे जो अर्ज भरावा लागणार होता तो आठवला.

हे सगळं करून नोकरी लवकर मिळायची का? पीटर कुन आणि मिकाल स्कटेरुड या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला. अमेरिकेतल्या १९९८ च्या डिसेंबरातल्या आणि २००० च्या ऑगस्टातल्या पाहणीत ज्या बेकारांनी इंटरनेटवर नोकरी शोधत असल्याचं सांगितलं होतं, त्यांचं पुढे काय झालं ते त्यांनी तपासलं. २००४ मध्ये निष्कर्ष छापला. वरवर पाहता इंटरनेटवाले लवकर कामाला लागत होते. पण ते मुळातच जास्त शिकलेले आणि अशा धंद्यांतले होते जिथे बेकारी कमी. तो फरक वजा केला, तर त्यांचा बेकारीचा काळ काही कमी भरेना. उलट थोडा जास्तच असावा असं दिसत होतं. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, कुन यांनी हानी मन्सूर यांच्यासोबत नंतरच्या काळातले आकडे तपासले. तेव्हा इंटरनेटवर शोधणाऱ्यांची बेकारी सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरली. मधल्या काळात साइट सुधारल्या, सगळं जग तिथे आलं, कारणं अनेक असतील. मला मात्र पहिल्या निबंधानेच मोठा दिलासा दिला. म्हणजे तो दोष एकट्या माझ्या डाव्या बोटाचा नव्हता.

मला नोकरी मिळाली ती फोनवर. एके दुपारी मोडेम बंद होता. जुन्या कचेरीत दोन टेबलं सोडून बसणारी एक बाई, जिच्याशी माझं लिफ्टमधल्या हवापाण्यापलीकडे कधी बोलणं नव्हतं, तिने फोन केला : आमच्याकडे लिहिणारं माणूस हवंय, येतेस का? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा अशा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त येते. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. तिची कंपनी कसली होती, तर ऑनलाइन नोकऱ्यांची साइट चालवणारी. काम : मदतीची पानं, अर्जदाराची चूक झाली की दिसणाऱ्या सूचना आणि अर्जातल्या चौकटींखालच्या बारीक ओळी लिहिणं.

हो. कंट्रोलची कळ दाबून ठेवा, ही ओळ पुढे मीही लिहिली. चौकट बदला म्हणून महिनाभर भांडले आणि मग लिहिली.

रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा पलीकडची बाजू दिसली, म्हणजे कंपन्यांना दिसतो तो पडदा. तो सुंदर होता. शोधायचे शब्द ठळक करून दाखवणारा, निवडलेले बायोडेटा बाजूला ठेवू देणारा, अर्धवट सोडलेला शोध दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करणारा. तिथे वीस मिनिटांची मुदत नव्हती. रीसेटचं बटणही नव्हतं. मी त्या पडद्याकडे किती वेळ बघत राहिले ते आठवत नाही. तंत्रज्ञान तेच, माणसं तीच, टेबलंसुद्धा तीच. फक्त पैसे त्या बाजूने येत होते. जाहिरात लावायला कंपनी पैसे देणार, बायोडेटांचा साठा चाळायला कंपनी पैसे देणार. अर्ज करणाऱ्याला सगळं फुकट. कचेरीत 'ग्राहक' हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू यायचा आणि तो एकदाही अर्जदारासाठी वापरलेला मी ऐकला नाही. अर्जदारांना 'साठा' म्हणत. साठा किती झाला, साठा ताजा आहे का.

ताजा, कारण कंपनीच्या पडद्यावर बायोडेटा सर्वांत अलीकडे बदललेला वर, असे रचलेले असत, आणि शोधणारे दोन-तीन पानांपलीकडे सहसा जात नसत. काही हुशार अर्जदारांनी हे ताडलं होतं. ते रोज सकाळी लॉगिन करून एक स्वल्पविराम काढायचे, दुसऱ्या दिवशी परत घालायचे. बायोडेटा रोज नवा. नोंदींमध्ये मला असा एक गृहस्थ दिसला ज्याने चार महिने एकाच पूर्णविरामाची ये-जा चालवली होती. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. मला बेकारीत हे कुणी सांगितलं असतं तर! मदतीच्या पानावर ही युक्ती लिहावी असं मी सुचवलं. उत्तर आलं, मग साठा ताजा आहे की नाही ते कसं कळणार?

तिथेच एकदा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या एका दृष्टिहीन तरुणाला चाचणीसाठी बोलावलं. सगळ्यांना सोय व्हावी असे वेबचे पहिले सुगम्यता-निकष १९९९ च्या मे महिन्यातच जाहीर झाले होते, पण आमच्याकडे ते कुणी उघडले नव्हते. पहिल्या पानावर सदरांची खाली उघडणारी यादी होती. पर्याय निवडला की पान आपोआप बदलायचं. माउसवाल्याला ती सोय. तो तरुण बाण-कळीने खाली सरकला आणि पहिल्याच पर्यायावर पान निघून गेलं. परत आला, पुन्हा बाण, पुन्हा तेच. त्याला आमच्या साइटवर आयुष्यभर एकाच सदरातली नोकरी मिळू शकली असती. तिसऱ्या खेपेला तो शांतपणे म्हणाला, "लेखा विभाग. ठीक आहे, लेखापाल होतो." खोलीत कुणी हसलं नाही. यादीशेजारी 'जा' असं एक बटण लावायला त्यांना चार दिवस लागले, आणि चाचणी झाली नसती तर ते कधीच लागलं नसतं.

आता त्या चौकटी गेल्या. फाइल जोडली की रकाने आपोआप भरतात, काही ठिकाणी तर एका बोटाच्या स्पर्शात अर्ज जातो. अर्ज करणं इतकं सोपं झालं की एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, आणि तेवढे कुणी वाचू शकत नाही म्हणून यंत्र वाचतं. मॉन्स्टर आणि करिअरबिल्डर या दोन नोकरी-साइट २०२४ मध्ये एकत्र आल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. बातमी वाचून माझ्या डाव्या हाताचं बोट आपोआप कंट्रोलच्या कळीवर गेलं. खोटं नाही सांगत.

त्या कंपनीत असताना मला एक छोटं काम मिळालं होतं. अर्ज पोचल्यावर जे ईमेल आपोआप जातं, त्याचा मजकूर नव्याने लिहायचा. चार ओळींसाठी मी तीन दिवस घेतले. शेवटची ओळ अशी केली : तीस दिवसांत आमच्याकडून काही कळलं नाही, तर या जागेसाठी आपली निवड झालेली नाही असं समजावं.

वरिष्ठांनी ती खोडली. म्हणाले, ग्राहक ऐकणार नाहीत.

"पण यात त्यांना काहीच करायचं नाहीये. न कळवण्याचंच वाक्य आहे हे."

"तीस दिवस आहेत ना त्यात. एकतिसाव्या दिवशी कुणीतरी फोन करील."

मग उरलं ते असं : आपला अर्ज मिळाला. आपली पात्रता जुळल्यास संबंधित कंपनी आपल्याशी संपर्क साधेल. धन्यवाद. ते पुढे किती लाख लोकांना गेलं असेल कोण जाणे. मी एक प्रत छापून घरी नेली आणि बाबांपुढे ठेवली.

"हे तू लिहिलंस?"

मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याजवळ धरून परत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"तारीख नाही," म्हणाले, आणि परत दिला.